दुपारी अडीचचा आकडा

हिंदुराव शेलारांचा कुणावर विश्वासच नव्हता असं नाही. होता, पण तारीख बघून. एखाद्या वस्तूवर मागची तपासणी कधी झाली आणि पुढची कधी आहे हे सांगणारा हिरवा स्टिकर दिसला की ते निर्धास्त होत. चाकणच्या एका कंपनीत एकोणतीस वर्षं ते गेज रूममध्ये होते. बाकीचे लोक माल मोजत आणि ज्या हत्यारांनी मोजत ती हत्यारं हिंदुराव मोजत. पास झालं तर हिरवा स्टिकर, नापास झालं तर लाल, आणि दोन्हींच्या कोपऱ्यात बारीक सही: हिं. शे. या सहीशिवाय कंपनीत साधी पट्टीसुद्धा जागची हलत नसे.

कंपनी डिझेल इंजिनांत इंधन फवारणाऱ्या नोझल बनवायची. मग जग विजेच्या गाड्यांकडे वळलं, नोझलची लाइन बंद झाली, मशिनं प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ट्रेलरवर चढली आणि हिंदुरावांना छप्पन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्यातली इच्छा कुणाची, हे विचारायचं नसतं. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं. ते दिवसाला चार मिनिटं मागे पडतं हे त्यांनी पहिल्याच आठवड्यात शोधून काढलं आणि त्याला लाल स्टिकर लावला. ते अजून हॉलमध्ये आहे. नापास होऊन वेळ दाखवतंय.

उरलेले स्टिकर स्वयंपाकघरात शिरले. वजनकाटा नापास. पोह्यांचं माप सशर्त पास. एक दिवस विजयश्रीबाई शाळेतून शिकवून आल्या तर कुकरवर लाल स्टिकर.

"हे काय?"

"तिसरी शिट्टी दुसरीपेक्षा अकरा सेकंद उशिरा होते."

"किती स्टिकर उरलेत?"

"चाळीसेक असतील. का?"

"एक मला द्या. कुठं लावायचा ते माझं ठरलंय."

हा स्टिकर आपल्याच कपाळावर येणार हे हिंदुरावांना समजलं. ते बाल्कनीत जाऊन उभे राहिले. माणसाची सही घरातल्या कुकरलाही नको असेल तर त्याने बाल्कनीतच उभं राहायला हवं.

यावर उपाय काढला लेकीने. वर्षाली माणला एका आयटी कंपनीत आहे आणि कुठल्याही दुःखावर तिच्याकडे वीस मिनिटांत होणारा इलाज असतो. "बाबा, तुम्हाला काहीतरी मोजायचंच आहे ना? मग घराबाहेरचं मोजा," असं म्हणून तिने एका रविवारी त्यांना ब्लॉग काढून दिला. नाव, 'सावलीतलं तापमान'. हिंदुरावांनी लगेच नियम ठरवले. रोज दुपारी अडीच वाजता, सावलीत, एक आकडा. एक मे ते तीस एप्रिल, वर्षभर सलग. एकही खाडा नाही, एकही अंदाज नाही, आणि प्रत्येक आकड्याखाली सही.

"एका वर्षाने काही सिद्ध होत नाही हं बाबा," वर्षाली म्हणाली. "हवामानाला तीस वर्षं लागतात."

"मी कुठं सिद्ध करतोय? जगात निदान एक आकडा असा पाहिजे की ज्याखाली सही आहे."

एवढंच त्यांना हवं होतं. वाचकांनी हे शेवटपर्यंत लक्षात ठेवावं. हिंदुराव स्वतः मध्ये एकदा विसरले आणि त्याचीच ही गोष्ट आहे.

*

*१ मे. दु. २.३०. सावलीत ३८.१. वारा नाही. हिं. शे.*
*(पाहिले: ३. प्रतिक्रिया: ०)*

तिघांतले एक हिंदुराव, दुसरे हिंदुराव मोबाइलवरून, तिसरी वर्षाली.

*१६ मे. दु. २.३०. ३७.४. शेजारच्या प्लॉटवरची चिंच तोडली. तिथे आता चिंचेच्या नावाची स्कीम होत आहे. हिं. शे.*
*एक वाचक: नोंद घेतली.*

ती प्रतिक्रिया हिंदुरावांनी अकरा वेळा वाचली. छान नाही, मस्त नाही, जोडलेले हात नाहीत. नोंद घेतली! कंपनी सुटल्यापासून त्यांच्याशी इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पावणेतीनला पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. हिंदुराव अडीचचा आकडा घ्यायला इस्त्रीचा शर्ट घालून जाऊ लागले. विजयश्रीबाईंनी दोन दिवस पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी विचारलं, "आज तापमापकाला बघायला पाहुणे येणार आहेत का?"

*१९ ऑगस्ट. दु. २.३०. २८.४. नोझलचं भोक केसाहून बारीक असतं. ती भोकं मोजणारी गेज मी एकोणतीस वर्षं पास केली. भोकं सगळी बरोबर होती. त्यांतून पुढे काय बाहेर पडलं ते मोजायचं गेज आमच्या खोलीत नव्हतं. हिं. शे.*
*एक वाचक: नोंद घेतली.*

*

डिसेंबरात सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सेक्रेटरी दिग्विजयने लिहिलं, "शेलारकाका, खिडकीच्या भिंतीला लटकवलेला थर्मामीटर भिंतीचं टेम्परेचर दाखवतो. डेटा गंडलेला आहे." खाली हसणारी तोंडं, सात. हिंदुरावांना रात्रभर झोप आली नाही, कारण पोरगा बरोबर बोलला होता. शास्त्राप्रमाणे तापमापक पांढऱ्या, फटींच्या लाकडी खोक्यात हवा, जमिनीपासून चार फूट वर, दार उत्तरेला, खाली गवत.

खोका निघोज्याच्या भैरूने बनवला. भैरू कंपनीत पॅकिंगला होता, आता गावातच पॅलेट ठोकतो. लाकूड अर्थातच पॅकिंगचं, त्यामुळे खोक्यावर दोन मोठे बाण आणि 'ही बाजू वर' असा छाप. हिंदुरावांनी वरून पांढरा रंग दिला. बाण दिसत राहिले. दुसरा हात दिला. तरी दिसत राहिले.

"राहू द्या की," भैरू म्हणाला. "तापमान वरच जानार हाय. बान खोटं न्हाईत."

आता गवत. मोशीच्या 'हरितबन फेज दोन' सोसायटीत (फेज एक कुठे आहे हे बिल्डरलाही सांगता आलेलं नाही) गवत आहे. बारा बाय आठ. प्लॅस्टिकचं. तरी हिंदुरावांनी रीतसर अर्ज केला आणि कमिटीची सभा बसली.

चेअरमन सदाशिवराव बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी अर्ज उजेडाकडे धरून पाहिला, जणू त्यात वॉटरमार्क असावा. "याला वीज लागते?"

"नाही."

"पाणी?"

"नाही."

"मग परवानगी कशाला मागता?"

"म्हणजे नको परवानगी?"

"असं कसं? परवानगीशिवाय कसं ठेवाल? पण शेलारसाहेब, ज्याला परवानगी लागत नाही त्याला परवानगी देण्याची तरतूद नाही. अडचण समजून घ्या."

मग सल्ले सुरू झाले. एकाने यात मधमाश्या पाळा म्हटलं, मध तरी मिळेल. दुसऱ्याला हे वास्तूच्या आग्नेयेला हवं होतं, कारण विषय उष्णतेचा आहे. एका बाईंना यात कबुतरं राहतील अशी भीती वाटली आणि दुसऱ्या बाईंना ती राहणार नाहीत अशी. दीड तासाने ठराव झाला: खोका गच्चीवर, जिन्याच्या खोलीमागे, उत्तरेकडच्या कायम सावलीत ठेवावा, वॉटरप्रूफिंगला खिळा मारू नये, खोक्याला बांधकाम समजू नये, कबुतरांची जबाबदारी श्री. शेलार यांची. जागा उत्तम होती. ज्या दिवशी ठरवली त्या दिवशी तरी उत्तम होती.

*

*२३ मार्च. दु. २.३०. ३८.९. वृद्धांनी दुपारी जपावे. हिं. शे.*
*एक वाचक: नोंद घेतली.*

*२४ मार्च. दु. २.३०. ४१.३. हिं. शे.*
*एक वाचक: नोंद घेतली.*

इथे जरा थांबायला हवं, कारण हिंदुराव थांबले नाहीत. गेज रूममध्ये एखादं गेज एका दिवसात एवढं सरकलं असतं तर त्यांनी ते टेबलावर ठेवून, चहा न पिता, त्याच्या सात पिढ्या तपासल्या असत्या. पण इथे आकडा त्यांच्या म्हणण्याच्या बाजूने सरकला होता. माणसाच्या बाजूचा आकडा फार प्रामाणिक दिसतो. हवामान खात्याचा आकडा त्यांच्यापेक्षा कमी होता. हिंदुरावांनी लिहिलं की खात्याची यंत्रं बागेत असतात, माणसं मोशीत राहतात. तीस मार्चला बेचाळीस झालं. चार एप्रिलला त्रेचाळीस पॉइंट सहा.

वाचक एकोणीसवर गेले. वॉचमन भीमराज तर रोज गेटवरच अडवायचा. तो लातूरकडचा, पत्र्याच्या केबिनमध्ये बारा तास बसणारा. "सायेब, आज काय आकडा?" एवढी आस्था पाहून हिंदुरावांना भरून यायचं. तो हा आकडा मटक्याला लावत होता, हे पुढे कळलं.

हिंदुरावांनी एका सरकारी कार्यालयात 'मोशी परिसरातील तापमान कमी करणेबाबत' असा अर्जही दिला. उत्तर आलं: सदर विषय या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नसून आपण संबंधितांकडे दाद मागावी. संबंधित कोण, हे लिहिलेलं नव्हतं. विजयश्रीबाईंनी वर बोट दाखवलं. "सूर्याकडे द्या अर्ज. आवक क्रमांक घ्यायला विसरू नका."

आणि पाच एप्रिलला चमत्कार झाला. कमिटीने हिंदुरावांचे आकडे वाचून भीमराजच्या केबिनला कूलर मंजूर केला. त्यांच्या सहीवर जगात काहीतरी हललं. त्या संध्याकाळी त्यांनी एक वेगळी पोस्ट लिहिली. गच्चीवर खोक्याच्या मागे कुणीतरी हिरवी जाळी बांधून तिच्यापुढे कोरफडीच्या कुंड्या ओळीने मांडल्या आहेत; अशा अनामिक हातांवरच पृथ्वी टिकून आहे, वगैरे.

त्या पोस्टखाली 'एक वाचक' यांनी नोंद घेतली नाही. फक्त लिहिलं: *धन्यवाद.*

हिंदुरावांना ते जरा चमत्कारिक वाटलं. पण जराच.

*

अकरा एप्रिलला भैरू कैऱ्यांची पिशवी घेऊन आला. खोक्याचा एक पाय हलत होता तो ठोकायला अडीचच्या सुमारास दोघं गच्चीवर गेले. हिंदुरावांनी दार उघडलं. चव्वेचाळीस पॉइंट सात. त्यांनी समाधानाने वहीत लिहिलं. माणूस पृथ्वीच्या नाशाची नोंदही समाधानाने करू शकतो, फक्त त्याचं म्हणणं खरं ठरलं पाहिजे.

भैरू खाली वाकलेला होता. तो वाकलेलाच राहिला. मग त्याने हाताची मागची बाजू हवेत धरली, जसं आपण पोराच्या कपाळाला लावतो.

"हिंदुराव, सावलीत कधी गरम वारं सुटतंय व्हय?"

"उष्णतेची लाट आहे भैरू."

"लाट सगळीकडनं येती राव. ही त्या कोरफडीतनं यायला लागलीया."

त्याने कुंडी सरकवली, जाळी उचलली. जाळीमागे एसीचं आउटडोअर युनिट होतं. नवं कोरं. पंखा जोरात फिरत होता आणि त्याचं तोंड बरोबर खोक्याच्या फटींवर होतं. इतके दिवस हिंदुराव त्या आवाजाला लिफ्टची मोटर समजत होते.

पाइप खाली सातव्या मजल्यावर जात होता, सातशेदोनमध्ये, सुमनताईंच्या घरी. सुमनताई चिपळूणकडच्या, अडुसष्टच्या, एकट्या. सरकारी कचेरीत आवक-जावक टेबलावर तेहतीस वर्षं काढून निवृत्त झालेल्या. त्यांनी दार उघडलं, दोघांना पाहिलं, भैरूच्या हातातली कुंडी पाहिली आणि बाजूच्या खुर्चीत बसल्याच.

"दंड लावणार का हो कमिटी? गच्चीवर युनिट चालत नाही ठाऊक आहे मला. म्हणून तर जाळी बांधली."

"सुमनताई, दहा मिनिटं तो बंद करता?"

दहा मिनिटांनी वर एकोणचाळीस पॉइंट आठ होतं.

हिंदुराव पुन्हा खाली आले. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "कधी बसवलात?"

"चोवीस मार्चला. भाच्याने बसवून दिला. आदल्या दिवशी तुम्हीच नाही का लिहिलंत, वृद्धांनी जपावे? मी घाबरले हो."

"मी लिहिलं ते तुम्ही वाचता?"

सुमनताईंनी टेबलाच्या खणातून एक लांब वही काढली. आखीव रकाने. तारीख, आकडा, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात वर्षभर एकच वाक्य: नोंद घेतली.

"रोज पावणेतीनला टाकते. सवय हो. नाव घातलं नाही, सोसायटीतल्या बायका उगाच नावं ठेवतात." मग त्या अपराधी चेहऱ्याने म्हणाल्या, "तुमचा आकडा चाळिशी ओलांडून गेला तसा मी चोवीसवर ठेवला. बेचाळीस झाल्यावर एकवीसवर. त्रेचाळीस लिहिलंत त्या दिवसापासून अठरावर आहे. याच्या खाली जातच नाही मेला."

*

कंपनीत काही बिघडलं की व्हाय-व्हाय करायचा दंडक असतो. एक कागद घ्यायचा, बिघाड लिहायचा आणि का, का, का असं पाच वेळा विचारायचं. पाचव्या 'का'पाशी मूळ दोष सापडतो आणि त्याच्यापुढे जबाबदार माणसाचं नाव लिहायचं. हिंदुरावांनी त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर कागद मांडला. विजयश्रीबाई भाजी निवडत होत्या. भैरू चहा पीत होता.

आकडा पाच अंश चुकला. का?

गरम हवा लागली.

का?

सुमनताईंनी एसी लावला.

का?

त्या घाबरल्या.

का?

आकडा वाचला.

आकडा एवढा का होता?

गरम हवा लागली.

"अहो, हे गोल फिरतंय," विजयश्रीबाई म्हणाल्या. "तुम्ही लिहिता म्हणून ती एसी लावते, ती एसी लावते म्हणून तुम्ही लिहिता. दोघं मिळून ऊन तयार करताय आणि मधल्यामध्ये बिल येतंय."

"गोल फिरलं तर कागद नापास होतो," हिंदुराव म्हणाले. "मूळ पाहिजे."

भैरूने कप खाली ठेवला. "पर ताई ज्याला भ्याल्या त्यो पयला आकडा? त्यो अडतीस पॉइंट नऊ? तवा एसी कुटं व्हता? त्यो तर खराच व्हता की."

हिंदुरावांनी दुसरा कागद घेतला. मार्चात अडतीस पॉइंट नऊ. का? हवा तापली. का? धूर झाला. का? गाड्या धावल्या. का धावल्या? इंजिनं चालली. का चालली? नोझल चांगल्या होत्या.

"कुणी पास केल्या?" भैरूने सहज विचारलं. त्याच्या मनात काही नव्हतं.

कागदाच्या तळाशी 'जबाबदार' असा रकाना होता. हिंदुरावांनी दोन्ही कागदांवर तीच सही केली.

*

"पोस्ट डिलीट करा, संपलं," वर्षाली फोनवर म्हणाली. "एकोणीस दिवसांचा तर प्रश्न आहे. कोण वाचतंय?"

"एक वाचक," हिंदुराव म्हणाले.

*१२ एप्रिल. शुद्धिपत्र. दि. २४ मार्च ते ११ एप्रिल या काळातील एकोणीस आकडे नापास आहेत. तापमापकाजवळ उष्ण हवेचा स्रोत होता. स्रोत कोणता हे सांगणे आवश्यक वाटत नाही. चूक तपासणाऱ्याची आहे. हिं. शे.*

सुमनताईंना दंड होऊ नये म्हणून एक ओळ गाळली होती. त्या ओळीच्या रिकाम्या जागेतून पुढचं सगळं आत आलं. दिग्विजयने शुद्धिपत्राचा फोटो ग्रुपवर टाकला, "रिस्पेक्ट काका" म्हणून. तिथून तो वाकडच्या कुठल्या ग्रुपवर गेला, तिथून आणखी कुठे. परतला तेव्हा त्याला नवा मथळा फुटला होता: *उष्णतेचे खोटे आकडे! निवृत्त अधिकाऱ्याची धक्कादायक कबुली. ग्लोबल वॉर्मिंगचा बुरखा फाटला. पुढे पाठवा.*

सोळा एप्रिलला ब्लॉग पाहिलेले: अकरा हजार चारशे ब्याऐंशी.

सबंध वर्षात हिंदुरावांनी जे खरं लिहिलं ते एकाने वाचलं होतं. जे चुकलं म्हणून लिहिलं ते अकरा हजारांनी. इस्लामपूरच्या मेहुण्याने तोच मेसेज त्यांनाच पाठवला, "दाजी, वाचा, डोळे उघडतील." माणच्या ऑफिसात कुणीतरी वर्षालीला दाखवून म्हणालं, बघ कसे असतात हे म्हातारे; ती बघत राहिली. भीमराज वेगळ्याच कारणाने दुखावला. "एकोणीस दिवस चुकीचा आकडा लावला का मी सायेब? तरीच म्हनलं."

वीस एप्रिलला कमिटी बसली. तापमानाबाबत संभ्रम असल्याने कूलरचा खर्च तूर्त स्थगित. खोका तीस एप्रिलपर्यंत हलवावा. तोवर दुसरीकडे सरकवण्यास मनाई, कारण ठरावात जागा नमूद आहे.

"पण खरे आकडेही चाळीसच आहेत!" हिंदुराव उभे राहून ओरडले. "पाच अंश वजा करूनसुद्धा! माझं नका ऐकू, त्या केबिनमध्ये दोन वाजता पाच मिनिटं बसून या!"

"शेलारसाहेब," सदाशिवराव मायेने म्हणाले, "बँकेतसुद्धा एकदा सही जुळली नाही की मग पुढचे सगळे चेक आम्ही उजेडाकडे धरूनच बघायचो. राग मानू नका."

यात राग मानण्यासारखं काही नव्हतं. हिंदुरावांनीही आयुष्यभर तेच केलं होतं.

*

तरी एक गोष्ट शिल्लक होती. वर्ष. एकोणीस दिवस नापास, पण खाडा नाही. तीस एप्रिलचा अडीचचा आकडा एकदा मिळाला की नोंद पूर्ण. सुमनताईंना त्यांनी सांगितलं होतं, "रोज दोन ते अडीच बंद ठेवा, अर्धा तास पुरे." पावणेतीनला त्यांची प्रतिक्रिया येत होती, खरे आकडे मिळत होते. एकोणतीस एप्रिल, एकेचाळीस पॉइंट दोन. खरा. वर्षातला सर्वांत मोठा खरा आकडा. पाहिले: ४. अकरा हजार लोक दुसऱ्या कुणाचा तरी बुरखा फाडायला पुढे गेले होते.

तीस एप्रिलला हिंदुरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला. वर जाताना सातव्या मजल्यावर थांबले. शेवटचा दिवस, सुमनताईंना सोबत न्यावं, आकडा त्यांच्या डोळ्यांदेखत घ्यावा.

दार बऱ्याच वेळाने उघडलं. सुमनताईंच्या डोक्यावर ओला टॉवेल होता, चेहरा लालभडक. आतून आलेली हवा जिन्यातल्या हवेपेक्षा गरम होती. डोक्यावरची गच्चीची स्लॅब सकाळपासून भाजत होती.

"एसी?"

"बंद आहे. काळजी नको."

"कधीपासून?"

"तुमचं शुद्धिपत्र आलं तेव्हापासून." त्या भिंतीला धरून उभ्या होत्या. "अर्धा तास बंद ठेवा म्हणालात, पण भिंती गार राहतात, युनिट गरम राहतं... उगाच आकड्यावर शंका नको. माझ्या वहीत एकोणीस ओळी तांबड्या शाईने खोडाव्या लागल्या शेलारभाऊ. तेहतीस वर्षांत एक ओळ खोडली नव्हती मी."

"अठरा दिवस तुम्ही अशा..."

"आता आठ मिनिटं राहिली. होऊ द्या तुमचं वर्ष. आठ मिनिटांनी काय होतंय?"

हिंदुरावांनी घड्याळ पाहिलं. दोन बावीस. आणि हे सांगायला बरं वाटत नाही, पण सांगायलाच हवं: त्यांनी विचार केला. सबंध एक मिनिट. आठ मिनिटांनी काय होतंय, हा प्रश्न त्यांच्यातल्या गेज रूमने त्यांना विचारला आणि त्यांनी तो ऐकून घेतला. तेवढ्यात सुमनताई भिंतीवरून हळूहळू खाली सरकल्या आणि जमिनीवर बसल्या.

"रिमोट कुठाय?"

"देव्हाऱ्याच्या खणात. कुलूप आहे. मोह नको म्हणून."

"किल्ली?"

"समईखाली."

किल्ली सापडली, रिमोट सापडला, रिमोटमध्ये सेल नव्हते. "सेल टीव्हीच्या रिमोटात घातलेत," जमिनीवरून आवाज आला. ज्या माणसाने एकोणतीस वर्षं मिलिमीटरचा हजारावा भाग मोजला त्याने सेल पहिल्यांदा उलटे घातले. दुसऱ्यांदा एक उलटा घातला. तिसऱ्यांदा टुक् असा आवाज झाला. दोन सत्तावीस. मग त्यांनी सुमनताईंना उठवून पलंगावर घेतलं, साखर-मीठ-पाणी चमच्याने पाजलं, टॉवेल भिजवून पुन्हा ठेवला, विजयश्रीबाईंना फोन लावला. त्या धावत वर आल्या, सुमनताईंची नाडी पाहिली, खोली पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं, आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना लावून बोलण्यासारखं असूनही काही बोलल्या नाहीत. सुमनताईंनी डोळे उघडले तेव्हा पहिला प्रश्न, "किती आला?"

हिंदुराव गच्चीवर गेले. जाळीमागचा पंखा जोरात फिरत होता. खोक्याच्या पंख्याकडच्या बाजूचा रंग उष्णतेने पापुद्रे धरून गळला होता आणि दोन्ही बाण पुन्हा लख्ख दिसत होते. ही बाजू वर. दार उघडलं तेव्हा आकडा चव्वेचाळीसवर होता आणि बघता बघता चढत होता. त्यांनी वही उघडली नाही. खिशातून लाल स्टिकर काढला, खोक्यावर चिकटवला, कोपऱ्यात सही केली.

खाली गेटवर भीमराज केबिनच्या बाहेर, भिंतीच्या वीतभर सावलीत उभा होता. "सायेब, आज काय आकडा?"

"आज नाही."

"नाही म्हंजे?"

"नाहीच."

भीमराजने मान हलवली, टोपी काढून घाम पुसला आणि पत्र्याच्या केबिनमध्ये जाऊन बसला. केबिन सोडून बाहेर थांबायला बंदी आहे.

*३० एप्रिल. दु. २.३०. आकडा नाही. हिं. शे.*
*(पाहिले: १)*
*एक वाचक: नोंद घेतली. एसी सव्वीसवर ठेवलाय.*